किल्ली कुणाकडे होती

दुकानात लुटारू शिरले तर काय करायचं, हे शिकवण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. डाळ-तांदळापासून बादल्या-झाडूंपर्यंत सगळं विकणाऱ्या एका मालकाची बारा दुकानं, आणि नवीन माणूस गल्ल्यावर बसवायचा तर त्याने आधी ताईंच्या वर्गात एक सकाळ काढायची, असा नियमच होता. गोदामावरच्या खोलीत वीस खुर्च्या, एक पांढरा पडदा आणि पडद्यासमोर ताई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. सगळे ताईच म्हणायचे. मालकही ताईच म्हणायचे, आणि ते तर त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे!

वर्ग म्हटलं की माणसं पेंगतात. ताईंच्या वर्गात पेंगायची कुणाची बिशाद नव्हती, कारण ताई छापील सांगत नसत, अंगावर बेतलेलं सांगत. नऊ वर्षांपूर्वी भर दुपारी दोनच्या सुमाराला त्यांच्याच दुकानात दोघे शिरले होते, आणि गल्ल्यावर ताई होत्या.

"पहिली गोष्ट लक्षात ठेवा," ताई म्हणायच्या, "समोरचा तुमच्याहून जास्त घाबरलेला असतो. माझ्यासमोरच्याचा चाकू असा थरथरत होता की मलाच भीती, हा स्वतःचं बोट कापून घेतो की काय. त्याला लवकर सुटायचंय. तुम्हालाही तो लवकर जायला हवाय. म्हणजे तेवढी चार मिनिटं तुम्ही दोघं एकाच बाजूचे. उगाच शूरपणा नको."

मग त्या पिशवीचा किस्सा सांगायच्या. तो ऐकायला जुनी माणसंसुद्धा दाराशी येऊन उभी राहत.

"त्याने चाकू दाखवला. मी काय म्हणाले असेन? वाचवा? धावा? छे! दिवसातून तीनशे वेळा जे म्हणायचे तेच तोंडातून निघालं. म्हणाले, पिशवी हवी का? आणि तो मेला काय म्हणतो माहितीये? हो, मोठी द्या!"

खोली हसून हसून लोळायची. ताई हशा ओसरू द्यायच्या आणि मग आवाज खाली आणून शेवटचं सांगायच्या. "आणि आत कुणी असेल तर लपवू नका. आधीच सांगून टाका. नाहीतर आतलं माणूस अवचित बाहेर येतं, चोर दचकतो, आणि दचकलेल्याच्या हातात चाकू असतो. मी सांगितलं, आत एक बाई आहे. म्हणून ती आज जिवंत आहे."

टाळ्या पडायच्या. नऊ वर्षं पडत होत्या. ताईंना सुरुवातीला त्या टाळ्या बोचायच्या, नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते हो, अगदी स्वतःच्या खोटेपणाचीसुद्धा.

त्या दिवशी वर्गात एक निवृत्त कंडक्टर होता. साठीला टेकलेला, मिशा पांढऱ्या, पोट जरा सुटलेलं. घरी बसून बायकोचं डोकं खातो म्हणून तिनेच त्याला नोकरीला धाडलं होतं, असं तो आल्या आल्या सगळ्यांना सांगून मोकळा झाला होता. ताईंनी नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. चित्रण मुकं होतं. गल्ला, ताई, हेल्मेटवाला उंच माणूस, आणि दाराशी पाठमोरा उभा दुसरा. ताई स्वतः पडद्याकडे कधीच बघत नसत. वर्गाकडे तोंड करून पाठ असलेलं बोलत राहत.

"ताई," कंडक्टरने हात वर केला, "जरा मागे घ्या की. तुमचा डावा हात."

"काय झालं हाताला?"

"तो एप्रनच्या खिशावर आहे. उजव्या हाताने तुम्ही गल्ला रिकामा करताय, पिशवी उघडताय, पण डावा काही खिशावरून हलत नाही. मी तीस वर्षं गर्दीच्या गाडीत तिकिटं फाडली. माणूस घाबरला की जिथे त्याची मोलाची चीज असते तिथेच त्याचा हात जातो. खिसेकापू त्यावरूनच ओळखतात. काय होतं हो खिशात?"

तो चेष्टा करत नव्हता की आरोप करत नव्हता. बिचाऱ्याला आपलं निरीक्षण मांडायचं होतं, एवढंच.  पण नऊ वर्षांत पहिल्यांदा ताईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. होता हात. खिशावर घट्ट, पाची बोटं पसरून. पोलिसांनी हे चित्रण पन्नासदा पाहिलं, पण ते चोरांकडे बघत होते. मालकांनी पाहिलं, ते गल्ल्याकडे बघत होते.

"पोटात गोळा आला होता," ताई म्हणाल्या. "तुमच्या आला असता तर दोन्ही हात लागले असते."

वर्ग खो-खो हसला, कंडक्टरही हसला. ताईंनी दिवे लावले आणि वर्ग अर्धा तास आधीच सोडला. जिना त्या कठडा धरून उतरल्या.

आता खिशात काय होतं ते सांगतो. तिजोरीची किल्ली होती.

त्या दुकानात पाळी बदलताना किल्ली हातोहात द्यायची पद्धत होती. सकाळची बाई म्हणायची "दिली", दुपारची म्हणायची "घेतली", आणि किल्ली एका एप्रनमधून दुसऱ्या एप्रनमध्ये जायची. रोज तेच दोन शब्द, रोज तीच वेळ. सकाळी ताई आणि दुपारी बारकी. बारकी म्हणजे ताईंच्या हाताखाली तयार झालेली, काटकुळी, हसरी, कामाला वाघीण. वजन तर डोळे मिटून सांगायची. त्या दुपारी ती आली, ताईंकडे बघून हसली, आणि एप्रन चढवायला मागच्या खोलीत गेली. किल्ली अजून दिली नव्हती. तेवढ्यात ते दोघे आले.

गल्ला झाला, पिशवी झाली. मग हेल्मेटवाल्याने विचारलं, "तिजोरीची किल्ली?"

आणि ताई म्हणाल्या, "तिच्याकडे. आत आहे ती."

का म्हणाल्या? कंपनीची तिजोरी वाचवायला? अजिबात नाही. तो चाकू आपल्यासमोरून जावा, दुसऱ्या कुणासमोर जावा, बस्स. तोंडातून शब्द निघताना त्यांना ते पुरतं कळत होतं. आत बारकी आहे हे कळत होतं, किल्ली बोटांखाली आहे हे कळत होतं. आणि तो खरंच गेला. दारातला दुसरा नजर ठेवून होता, पण ताईंना इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की त्या हलकेपणाचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

हेल्मेटवाल्याने बारकीला मनगट धरून फरफटत आणलं. "किल्ली काढ." बारकीने खिसे उलटेपालटे केले. "आहे, आहे, आत्ताच तर घेतली," असं ती स्वतःच म्हणत होती. रोज घेत होती ना! घेतली नसेल असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तो पिरगाळत गेला, ती शोधत गेली. हाड मोडल्याचा आवाज ताईंनी ऐकला. तेवढ्यात मागच्या गल्लीत मालाच्या गाडीने हॉर्न मारला आणि दोघे पिशवी घेऊन पळाले.

इथपर्यंतचं एक वेळ माफ करता येईल. जिवाच्या भीतीने माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण पुढचं ताईंनी पूर्ण शुद्धीत केलं. बारकी जमिनीवर विव्हळत होती, माणसं गोळा होत होती, आणि "पाणी आणते गं" म्हणून ताई मागच्या खोलीत गेल्या. एप्रनच्या खुंट्यांखाली त्यांनी किल्ली टाकली आणि पायाने फडताळाखाली सरकवली. मग माठातून पाणी घेऊन आल्या. किल्ली दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईला सापडली.

झालं. तिजोरी वाचली म्हणून ताईंच्या प्रसंगावधानाचं कौतुक, आणि किल्ली कधी, कशी पडली ते तिला सांगता येईना म्हणून बारकीच्या नावापुढे निष्काळजीपणाचा शेरा. प्लास्टर सुटून ती परत आली तर मॅनेजरने तिला गल्ल्यावरून उठवून बरण्या पुसायला लावल्या. सहा महिन्यांत तिने नोकरी सोडली. चोर पुढे दुसऱ्या कुठल्याशा भानगडीत सापडले, शिक्षा भोगून सुटलेसुद्धा.

ताई सुरुवातीला तिच्याकडे जायच्या. पण बारकी काय करायची, दार उघडलं की आधी माफीच मागायची. "ताई, माझ्या वेंधळेपणापायी तुम्हाला तेवढा वेळ त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं हो." डोळ्यांत पाणी आणून म्हणायची. असं तीनदा झालं. मग ताईंनी जाणंच बंद केलं आणि कामाचा व्याप वाढल्याचं कारण सांगितलं. सात वर्षं झाली त्याला.

कंडक्टरच्या वर्गानंतर मात्र ताईंना चैन पडेना. आरशासमोर उभ्या राहिल्या तरी डावा हात कुठे आहे ते आधी बघायच्या. रविवारी सकाळी त्यांनी ठरवलं, आज सांगायचं. सगळं नाही. किल्ली माझ्याकडे होती, घाबरून तुझं नाव घेतलं, एवढं. फडताळाचं कशाला? ते कुणाला माहीत आहे? असा हिशेब मनाशी पक्का करून त्या निघाल्या. अर्ध्या खऱ्याची तयारी करतानासुद्धा त्यांना आपण फार मोठं धाडस करतोय असं वाटत होतं, बघा.

बारकीचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत दोन मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट शर्ट, जमिनीवर चिंध्या. बारकी खाली बसून काजं करत होती. मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलंच राहिलं होतं, त्यामुळे सुई ती भलत्याच कोनातून ओढत होती.

"अगंबाई, ताई!" ती उठली. "आज वाट कशी चुकलात?"

शिंप्याने मशीन थांबवून नमस्कार केला. कॉलेजात जाणारी मुलगी आतून येऊन पाया पडली आणि म्हणाली, "आई, मी मैत्रिणीकडे जाऊन येते. किल्ली बाबांकडे दिलीय हं, तुझ्याकडे नाही."

"आमच्याकडे हिच्या हातात किल्ली द्यायची नाही, कायदाच आहे," शिंपी हसत म्हणाला. "कपाटाची नाही, दाराची नाही. तुमच्या दुकानाने आम्हाला शहाणं केलं, ताई."

मुलगी हसली. बारकीही हसली, सवयीने, मान खाली घालून. ताईंना कळून चुकलं, ही चेष्टा या घरात रोज होत असणार, जेवताना, पाहुण्यांसमोर, आणि ही अशीच हसत असणार.

"बारके, जरा आत चल. बोलायचंय."

स्वयंपाकघरात दोन पाट टेकून ठेवले होते. बसायचं भान कुणाला नव्हतं. ताईंनी ओट्याची कड धरली आणि घरून घोकून आणलेलं बोलून टाकलं. किल्ली मी तुला दिलीच नव्हती. माझ्या खिशात होती. त्याने विचारलं, आणि तो माझ्यासमोरून जावा म्हणून मी तुझं नाव सांगितलं. मला कळत होतं मी काय करतेय.

 गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळून अर्धं झालं. ताईंना वाटलं, आता बारकी रडेल, किंवा एक थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"मग ती फडताळाखाली कशी गेली?" बारकीने विचारलं.

आली का पंचाईत! ताईंनी तोंड उघडलं. "घाईत पडली असेल" हे शब्द जिभेवर तयार होते. पण बारकी त्यांच्याकडे अशी बघत होती की ते शब्द बाहेर येईनात.

"मी टाकली. पाणी आणायला गेले तेव्हा. पायाने सरकवली."

"पाणी आणायला," बारकी म्हणाली. "ते पाणी मी प्यायले होते."

तिने गॅस बंद केला. फडक्याने ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

"ताई, मी कामावर परत आले ना, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत रोज मागच्या खोलीत जायचे. एप्रनच्या खिशात घरची किल्ली टाकायचे आणि वाकून बघायचे, उड्या मारून बघायचे, ती पडते का. खिसा केवढा खोल होता! पडायचीच नाही हो. मग मला वाटायचं, मला वेड लागलंय. घेतल्याचं आठवतंय, टाकल्याचं आठवत नाही, आणि पडत तर नाही. मॅनेजरने एकदा उड्या मारताना बघितलं. मग मी नोकरी सोडली. डोक्याच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. यांना माहीत नाही ते."

ताईंनी हात जोडले. "मला माफ कर गं."

"थांबा." बारकीने हात पुसले. "माफीचं नंतर बघू. आधी बाहेर चला."

"कशाला?"

"यांना सांगा."

"तूच सांग ना. मी जाते, मग तू सावकाश..."

"मी सांगितलं तर कोण खरं मानेल? वेंधळी बाई मी. तुम्ही सांगा."

शिंपी कॉलरला टीप घालत होता. मुलगी आत्ता कुठे चपला घालून दाराशी आली होती, तिलाही बारकीने थांबवलं. ताई त्या चिंध्यांमध्ये उभ्या राहिल्या. वीस-वीस माणसांसमोर खणखणीत बोलणाऱ्या ताई आता खाली बघून बोलू लागल्या.

"त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती. भीतीच्या भरात चुकून माझ्या तोंडून हिचं नाव निघून गेलं..."

"चुकून असं आत नाही म्हणालात," बारकी म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "परत सांगा. पहिल्यापासून."

ताईंनी परत सांगितलं. या वेळी तो हलकेपणाही सांगितला, जो बारकीलाही सांगितला नव्हता. फडताळ सांगितलं, पाय सांगितला. सांगताना लाजेने कान तापले होते, आणि आपण इतकी वर्षं वर्गात काय शिकवत होतो ते आठवून त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

शिंप्याने मशीनवरचा पाय काढला. बायकोकडे बघण्याची त्याची छाती होईना. तो हातातल्या कॉलरचे निघालेले दोरे एकेक करून तोडत बसला. "मी तुला काय काय बोललो," एवढंच तो म्हणाला, तेही कॉलरकडे बघून. मुलगी मात्र सरळ ताईंकडे बघत होती, आणि ती नजर ताईंना चाकूपेक्षा जड गेली. मग तिने बाबांच्या खिशात हात घातला, दाराची किल्ली काढली आणि काही न बोलता आईपुढे धरली.

बारकीने ती घेतली नाही. "राहू दे. आता मला किल्ल्या नकोत. मला एवढंच हवंय की ज्याला ज्याला माझा वेंधळेपणा माहीत होता, त्याला त्याला खरं कळायला हवं."

"मी येते आता," ताई पुटपुटल्या आणि पर्स उचलली.

"बसा ताई." बारकीने खुर्चीवरचे शर्ट बाजूला केले. "माझ्या बहिणीला फोन लावते. ती तुमचं नाव घेऊन सगळीकडे सांगत असते. तिच्यानंतर माझा भाऊ. मग शेजारच्या काकू, त्या समोरच राहतात, त्यांना बोलावून घेऊ. सासूबाई गेल्या दोन वर्षांपूर्वी, त्यांचं राहिलं ते राहिलंच."

ताई बसल्या. न बसून करणार काय! बारकीने वाकड्या हाताने नंबर लावला आणि फोन दोघींच्या मध्ये मशीनच्या फळीवर ठेवला, आवाज मोठा करून. पलीकडे दोनदा वाजलं आणि बहिणीने उचलला.

"ताई आल्यात, तुझ्याशी बोलायचंय म्हणतात," बारकी म्हणाली.

"अय्या, कोण, दुकानातल्या ताई?" बहिणीचा आवाज आनंदाने नुसता ओसंडत होता. "अहो ताई, किती वर्षांनी! तुम्ही होतात म्हणून आमची बारकी वाचली हो, नाहीतर हिचा वेंधळेपणा तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही सगळे तुमचे उपकार..."

 ताईंनी बारकीकडे पाहिलं. तिने फोन आणखी थोडा त्यांच्याकडे सरकवला.

"सांगा," बारकी म्हणाली, "ती ऐकतेय."